भिलाईची भट्टी आणि राजनांदगावचे ऊन

मुंबईहून हावड्याकडे जाणारी गाडी गोंदिया सोडते, सालेकशाचे जंगल ओलांडते, डोंगरगड मागे टाकते आणि पुढच्या तासा-दीड तासात देशाच्या ऊर्जाप्रश्नाच्या दोन्ही बाजूंजवळून जाते. आधी राजनांदगाव लागते. या जिल्ह्यात १०० मेगावॉटचा सौरप्रकल्प आहे आणि त्याला जोडून १२० मेगावॉट-तास वीज साठवणारी बॅटरी आहे. तिथून चाळीसेक किलोमीटरवर, दुर्गच्या पलीकडे भिलाई. इथला पोलाद कारखाना १९५९पासून कोळशाच्या आचेवर लोखंड गाळतो आहे आणि देशभरच्या रेल्वेला रूळ पुरवतो आहे.

राजनांदगावच्या प्रकल्पाचे लोकार्पण पंतप्रधानांच्या हस्ते २४ फेब्रुवारी २०२४ रोजी झाले. त्याच कार्यक्रमात छत्तीसगडच्याच रायगड जिल्ह्यातल्या एनटीपीसीच्या लारा औष्णिक केंद्राचा १६०० मेगावॉटचा पहिला टप्पा देशाला अर्पण झाला आणि तितक्याच क्षमतेच्या दुसऱ्या टप्प्याची पायाभरणीही झाली. एका बाजूला १०० मेगावॉट ऊन, दुसऱ्या बाजूला ३२०० मेगावॉट कोळसा. हा दुटप्पीपणा आहे असे काही जण म्हणतात, तर यालाच शहाणपणाचा समतोल म्हणणारेही आहेत. मला दोन्ही निवाडे घाईचे वाटतात. भिलाईसारख्या गावात उभे राहून पाहिले की ‘ऊर्जासुरक्षा’ या एका नावाखाली किती वेगवेगळ्या गरजा एकत्र बांधल्या गेल्या आहेत ते दिसते. त्या सोडवून पाहिल्याशिवाय पैसा कुठे घालायचा हे ठरवता येणार नाही.

आधी कोळशाची बाजू, कारण ती खरी आहे आणि पर्यावरणाच्या बाजूने बोलणारे तिला बरेचदा पुरता न्याय देत नाहीत. आपण लागणाऱ्या कच्च्या तेलातले सुमारे ८८ टक्के बाहेरून आणतो. नैसर्गिक वायूतही निम्म्याच्या आसपास परावलंबी आहोत. स्वतःच्या जमिनीखाली मुबलक आहे तो कोळसा. १९७३च्या तेलसंकटात हे देशाला कळले, आणि कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण त्याच सुमारास पुरे झाले. २०२४-२५ या वर्षात देशातले कोळसा उत्पादन १०० कोटी टनांच्या वर गेले. त्यातला मोठा वाटा छत्तीसगडचा आहे. कोरब्याजवळची गेवरा आणि तिच्या शेजारची कुसमुंडा या खाणी जगातल्या सर्वांत मोठ्या खाणींमध्ये मोजल्या जातात. ३० मे २०२४ रोजी, कडक उन्हाळ्यात, देशाची विजेची मागणी २५० गिगावॉटला पोचली आणि ती भागली. ती भागली याचे मुख्य श्रेय कोळशाचे आहे. जून २०२५ अखेर देशाची स्थापित क्षमता ४८५ गिगावॉटच्या घरात होती आणि त्यातली निम्मी कोळसा-वायूखेरीजची होती. ही अभिमानाची गोष्ट आहे. पण क्षमता म्हणजे वीज नव्हे. वर्षभर तारांतून जी वीज वाहिली तिच्यातले तीन चतुर्थांशाच्या आसपास युनिट कोळशानेच दिले.

युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर २०२२ साली जर्मनीला रशियन वायू तुटला तेव्हा अपारंपरिक ऊर्जेत पुढे असलेल्या त्या देशालाही राखीव ठेवलेली कोळशाची केंद्रे पुन्हा पेटवावी लागली. त्यामुळे ‘कोळसा आज बंद करा’ ही मागणी भिलाईत कोणी केली तर तिला उत्तर द्यायचीही गरज पडत नाही.

आता दुसरी बाजू. ‘कोळसा आपला, म्हणून आपण सुरक्षित’ हे विधान सगळ्यात आधी कोलमडते ते भिलाईतच.

२ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाबरोबर करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. भिलाईची निवड झाली त्याला कारणे होती. दल्ली-राजहऱ्याचे लोहखनिज नव्वदेक किलोमीटरवर, चुनखडी नंदिनीला, डोलोमाइट हिर्रीला, पाणी तांदुळा धरणाचे आणि मुंबई-हावडा लोहमार्ग दाराशी. एकाच गोष्टीची उणीव होती. कोरब्याचा कोळसा बॉयलरखाली उत्तम जळतो, पण त्याचा कोक होत नाही. झोतभट्टीला कोकच लागतो.

कोक कसा होतो हे थोडे जवळून पाहण्यासारखे आहे, कारण सगळ्या प्रश्नाची गाठ तिथे आहे. कोक ओव्हन म्हणजे एकमेकांना चिकटून उभ्या केलेल्या, उंच पण अरुंद अशा विटांच्या भट्ट्यांची लांबच लांब रांग. वरच्या भोकांतून चार्जिंग कार दळलेला कोळसा ओतते. मग दारे बंद करून हवा लागू न देता हजार अंशांच्या वर सोळा-अठरा तास तो भाजला जातो. कोळशातला वायू, डांबर, बेंझॉल निघून जाते आणि मागे राहतो सच्छिद्र, टणक, लालबुंद कोक. एका बाजूने यंत्र त्याला ढकलते, दुसऱ्या बाजूच्या गाडीत तो कोसळतो आणि पाण्याखाली नेला की वाफेचा ढग उठतो. निघालेला वायू कारखान्यातच जळण म्हणून फिरवला जातो. झोतभट्टीच्या माथ्यावरून निघणारा वायूही असाच वापरात येतो, वीजही देतो. हे दोन्ही वायू विषारी आहेत. ९ ऑक्टोबर २०१८ रोजी भिलाईच्या कोक ओव्हनजवळच्या वायुवाहिनीत स्फोट झाला आणि डझनाच्या आसपास कर्मचारी प्राणाला मुकले. ऊर्जेच्या हिशेबात ही माणसे मांडलीच जात नाहीत, म्हणून इथे नोंदवतो.

कोक भट्टीत अनेक कामे करतो. तो उष्णता देतो आणि खनिजातला प्राणवायू काढून घेतो. शिवाय वरून येणाऱ्या हजारो टनांच्या थराचा भार पेलतो आणि खालून वर जाणाऱ्या वाऱ्याला वाट ठेवतो. या कामाला लागणारा चांगल्या प्रतीचा, कमी राखेचा कोळसा भारतात फार थोडा आहे. झरियाचा कोळसा कोकला चालतो, पण राख जास्त. म्हणून देशाला लागणाऱ्या कोकिंग कोळशातला ८५ टक्क्यांच्या आसपास वाटा आयात होतो, मुख्यतः ऑस्ट्रेलियातून. शिवाय अमेरिका, रशिया, मोझांबिक इथून. भिलाईचा कोळसा समुद्रातून विशाखापट्टणमला उतरतो आणि पूर्व घाट चढून रेल्वेने इथे येतो.

याचा अर्थ असा की ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमधल्या हवामानावर भिलाईची भट्टी अवलंबून आहे. २०१७च्या मार्च अखेरीस डेबी चक्रीवादळाने तिथले खाणींचे लोहमार्ग वाहून गेले आणि जगभर कोकिंग कोळशाचा भाव कडाडला. मार्च २०२२ मध्ये हाच भाव टनाला ६०० डॉलरच्या वर गेला. पोलाद हा देशाच्या संरक्षणाचा, रेल्वेचा, पुलांचा कणा. त्या कण्याची ऊर्जा दोन महासागरांपलीकडून येते. ऊर्जासुरक्षेच्या नावाने कोळशाचे समर्थन करणाऱ्या भाषणांत या गोष्टीचा उल्लेख मी क्वचितच ऐकला आहे.

विजेचा कोळसा तरी निर्धास्त आहे का? भिलाईत एनटीपीसी आणि सरकारी पोलाद कंपनी सेल यांच्या भागीदारीतल्या एनएसपीसीएल या कंपनीचे दोन गुणिले २५० मेगावॉटचे केंद्र आहे. पूर्ण ताकदीने चालले तर ते दिवसाला सव्वा कोटीच्या आसपास युनिट वीज करते आणि आठेक हजार टन कोळसा जाळते. म्हणजे रोज दोन मालगाड्या. एकट्या भिलाईच्या पाचशे मेगावॉटला रोज दोन रेक. देशातल्या दोनशे गिगावॉटहून अधिक कोळसा केंद्रांना किती, याचा हिशेब वाचकाने करून पाहावा. ऑक्टोबर २०२१ मध्ये देशातल्या वीज केंद्रांकडचा साठा सरासरी चार दिवसांवर आला. पावसाने खाणीत पाणी भरले होते, परदेशी कोळसा महागला होता आणि टाळेबंदी उठल्यावर मागणी उसळली होती. २०२२च्या एप्रिल-मे महिन्यांत पुन्हा तीच वेळ आली. कोळशाच्या गाड्यांना वाट मिळावी म्हणून प्रवासी गाड्या रद्द झाल्या आणि त्याची सर्वांत मोठी झळ दक्षिण-पूर्व-मध्य रेल्वेच्या, म्हणजे छत्तीसगडच्याच, प्रवाशांना बसली. ज्यांच्या जमिनीतला कोळसा, त्यांचीच गाडी रद्द. त्याच वर्षी केंद्राने वीज कंपन्यांना १० टक्के परदेशी कोळसा मिसळण्याचा आदेश दिला. जमिनीखाली कोळसा असूनही आपण टंचाईत सापडू शकतो, हे त्या दोन वर्षांनी दाखवून दिले.

आणि जमिनीखालचा कोळसा काढायचा तर वरचे जंगल, गाव, पाणी यांचे काय? हसदेव अरण्याचा वाद मराठी वाचकांना वर्तमानपत्रांतून माहीत आहे. त्या अरण्यातली परसा ईस्ट-केते बासनची खाण राजस्थानच्या सरकारी वीज कंपनीला मिळाली. ऑक्टोबर २०२१ मध्ये तिथल्या आदिवासींनी रायपूरपर्यंत तीनशे किलोमीटर पदयात्रा काढली. जुलै २०२२ मध्ये छत्तीसगड विधानसभेने या अरण्यातल्या खाणपट्ट्यांविरुद्ध ठराव केला, तरी झाडतोड थांबली नाही. पण आपल्या अधिक जवळचे प्रकरण रायगड जिल्ह्यातल्या तमनारचे आहे. (हा रायगड छत्तीसगडचा, आपल्या कोकणातला नव्हे.) तिथला गारे पालमा सेक्टर दोन हा खाणपट्टा महाराष्ट्राच्या महाजेनकोला मिळाला आहे. वर्षाला २ कोटी ३६ लाख टन कोळसा काढण्याची योजना आहे आणि चौदा गावे त्याच्या कक्षेत येतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०२४च्या जानेवारीत त्याची पर्यावरण मंजुरी रद्द केली. त्याच वर्षी ती पुन्हा देण्यात आली. २०२५च्या जूनमध्ये मुडागाव आणि सराईटोला या गावांजवळ पोलीस बंदोबस्तात झाडे तोडली गेली. हा कोळसा चंद्रपूर, कोराडी, परळीच्या केंद्रांसाठी आहे. नागपुरात किंवा पुण्यात दिवा लागतो त्याचा एक धागा सराईटोल्याच्या सालवनातून येणार आहे, आणि त्या गावच्या माणसाला आपण कधी काही विचारलेले नाही.

आता उन्हाकडे वळू. राजनांदगावचा प्रकल्प वर्षाला सुमारे २४ कोटी युनिट वीज देईल असा सरकारी अंदाज आहे. त्याचे खरे महत्त्व बॅटरीत आहे. दुपारी निर्माण झालेल्या विजेतला काही भाग पांढऱ्या कंटेनरांत साठतो आणि सूर्य मावळल्यावर, घरोघरी दिवे-पंखे-टीव्ही सुरू होतात त्या वेळी, ४० मेगावॉटच्या दराने तीन तास बाहेर पडतो. सुरू झाला तेव्हा असा हा देशातला सर्वांत मोठा प्रकल्प होता. कौतुक करायलाच हवे. पण प्रमाण ध्यानात ठेवू: ही सगळी साठवलेली वीज भिलाईच्या ५०० मेगावॉटच्या केंद्राची जागा घ्यायला निघाली तर पंधरा मिनिटेही पुरणार नाही.

भिलाई कारखान्याच्या मरोदा जलाशयावर १५ मेगावॉटचा तरंगता सौरप्रकल्प उभारायचे ठरले आहे. पाण्यावर सौरपट्ट्या बसवल्या की जमीन लागत नाही, बाष्पीभवन घटते आणि पाण्याच्या गारव्याने पट्ट्या थोड्या जास्त कार्यक्षम राहतात. कल्पना उत्तम आहे. वर्षाला सुमारे ३ कोटी ४० लाख युनिट अपेक्षित आहेत. शेजारचे औष्णिक केंद्र वर्षभर नीट चालले तर त्याची वीज याच्या शंभरपटीहून अधिक भरते. असे प्रकल्प व्हावेत; पण त्यांच्या छायाचित्रांवरून कारखाना हिरवा झाला असे कोणी समजू नये.

सौरविजेचा भाव मात्र सगळी गणिते बदलतो आहे. नुसती सौरवीज निविदांमध्ये युनिटला अडीच रुपयांच्या आसपास मिळते. सौर आणि काही तासांची साठवण मिळून २०२४च्या अखेरीस साडेतीन रुपयांच्या जवळपास दर निघाला. उलट २०२५ मध्ये बिहारच्या पीरपैंती इथल्या नव्या कोळसा प्रकल्पाचा दर सहा रुपयांच्या वर ठरला. ही तुलना अगदी समान नाही, हेही सांगायला हवे. कोळशाचे केंद्र श्रावणातल्या सलग आठ दिवसांच्या झडीतही वीज देते. चार तासांची बॅटरी देत नाही. पण ‘अपारंपरिक वीज महाग, म्हणून कोळसा’ हा मुद्दा निकालात निघाला आहे. आता जो मुद्दा उरतो तो वेळेचा: वीज हवी तेव्हा आहे की नाही.

आणि एक मुद्दा चीनचा. सौरपट्ट्या तयार होण्याच्या प्रत्येक टप्प्यावर चीनचा वाटा ८० टक्क्यांच्या वर असल्याचे आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२२ मध्ये नोंदवले. बॅटरीच्या सेलचीही तीच गत. आपण आयातशुल्क लावले, उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन दिले, आणि २०२५च्या ऑगस्टमध्ये देशातली पट्ट्या जोडण्याची मान्यताप्राप्त क्षमता १०० गिगावॉटला पोचली. तरी त्याच्या मुळाशी असलेले पॉलिसिलिकॉन आणि वेफर अजून मुख्यतः बाहेरूनच येतात. २०२५च्या एप्रिलमध्ये चीनने दुर्मिळ मृदा धातूंच्या चुंबकांवर निर्यातबंधने घातली तेव्हा आपल्या वाहन उद्योगाची कशी धांदल उडाली हे सगळ्यांनी पाहिले. म्हणजे अपारंपरिक ऊर्जेलाही परावलंबन आहेच.

मात्र दोन परावलंबनांत फरक आहे आणि तो फार महत्त्वाचा आहे. ऑस्ट्रेलियाचे जहाज महिनाभर आले नाही तर भट्टी मंदावते. चीनने उद्या पट्ट्या देणे थांबवले तर नवे प्रकल्प रखडतील, पण राजनांदगावात बसलेल्या पट्ट्या पुढची वीस-पंचवीस वर्षे वीज देतच राहतील. आयात एकदाच आणि आयात रोज, यांना एका तागडीत तोलणे चूक आहे.

मग तोल कुठे साधायचा? माझ्या मते चर्चा ‘कोळसा की सौर’ इथे अडकली आहे, आणि पैशाची खरी चणचण आहे ती या दोहोंच्या मधल्या जागेत: साठवण, तारा आणि जुन्या केंद्रांची लवचीकता. राजस्थानात दुपारची सौरवीज तारांअभावी सोडून द्यावी लागते, आणि त्याच संध्याकाळी वीज बाजारात भाव दहा रुपयांच्या मर्यादेला टेकतो. या दोन घटना एकाच दिवशी घडतात. ज्या देशाला आपली वीज फेकावी लागते आणि काही तासांनी तीच महागात विकत घ्यावी लागते, त्याने आणखी कुठेही पैसा घालण्यापूर्वी इथे घालावा.

छत्तीसगडजवळ यासाठी साधने आहेत. रायगडपासून तमिळनाडूतल्या पुगलूरपर्यंत १७६५ किलोमीटर लांबीची, ६००० मेगावॉट वाहून नेणारी ८०० किलोव्होल्टची एकदिश प्रवाहाची (डीसी) विद्युतवाहिनी आहे. ती बांधली गेली इथली कोळशाची वीज दक्षिणेला पोचवण्यासाठी. पण तिच्यातून वीज उलट दिशेनेही पाठवता येते. पावसाळ्यात तमिळनाडूचा वारा जोरात असतो तेव्हा तिकडची वीज उत्तरेला आणता येते. कोळशासाठी घातलेला पैसा वाऱ्याच्याही कामी आला, असे हे चांगले उदाहरण आहे. तसेच उदंचन प्रकल्प. आपल्याकडे अकोले तालुक्यात घाटघरचा २५० मेगावॉटचा प्रकल्प २००८पासून हेच करतो: वीज स्वस्त असते तेव्हा पाणी वरच्या तलावात चढवायचे, मागणी वाढली की खाली सोडायचे. छत्तीसगडमध्ये हसदेव बांगो, सिकासेर अशा धरणांलगत असे प्रकल्प करण्याचा विचार सरकारी वीज कंपनी करते आहे. त्याला लिथियम लागत नाही, चीन लागत नाही. सिमेंट, पोलाद आणि पाणी लागते. तिन्ही इथेच आहेत. धरण आहे तिथेच केल्यास नवे विस्थापनही थोडे. माझ्या लेखी या राज्यात सार्वजनिक पैशाचा पहिला हक्क या प्रकल्पांचा आहे.

लवचीकतेचा मुद्दा थोडक्यात. दुपारी सूर्य भरात असताना कोळशाच्या केंद्रांनी खाली यावे आणि संध्याकाळी झटकन वर चढावे, अशी अपेक्षा केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३च्या नियमांत आहे. आधी क्षमतेच्या ५५ टक्क्यांपर्यंत, पुढे ४० टक्क्यांपर्यंत. जुन्या यंत्रांना हे जड जाते. बॉयलरच्या नळ्या तापण्या-निवण्याने थकतात, देखभाल वाढते. त्याचा मोबदला केंद्रांना मिळायला हवा. कमी चालण्याचे पैसे देणे लोकांना विचित्र वाटेल, पण नवे केंद्र बांधून ते पंचवीस-चाळीस वर्षे गळ्यात बांधून घेण्यापेक्षा ते स्वस्त आहे.

भट्टीचा प्रश्न मात्र एवढ्याने सुटत नाही. वीज कितीही हिरवी झाली तरी कोकची जागा ती घेत नाही. तिथे आजच्या घडीला हायड्रोजन हा मुख्य पर्याय डोळ्यांसमोर आहे: खनिजातला प्राणवायू कोकऐवजी हायड्रोजनने काढायचा आणि मग विद्युतभट्टीत पोलाद करायचे. याचा ढोबळ हिशेब मी मांडून पाहिला. अशा पद्धतीने एक टन पोलादाला साडेतीन हजारांच्या आसपास युनिट वीज लागते. भिलाईची क्षमता ७० लाख टनांची. म्हणजे वर्षाला सुमारे २४५० कोटी युनिट. राजनांदगावचा प्रकल्प २४ कोटी देतो. एकट्या भिलाईसाठी शंभर राजनांदगाव. मेगावॉटमागे चार-पाच एकर धरले तर चाळीस-पन्नास हजार एकर जमीन. धानाच्या कोठारात ती जमीन आणायची कुठून, हा प्रश्न उत्साहाच्या भरात कोणी विसरू नये. म्हणूनच छतांवर, जलाशयांवर, खाणींच्या संपलेल्या खड्ड्यांवर आणि राखेच्या भरावांवर पट्ट्या बसवण्याला अर्थ आहे. शिवाय हायड्रोजन भिलाईतच बनवायला हवा असेही नाही; वीज राजस्थान-गुजरातहून तारांनी येऊ शकते.

आकडा मोठा आहे म्हणून हातपाय गाळायचे का? नाही, कारण थांबण्याचीही किंमत आहे. भारतातल्या पोलादामागे टनाला अडीच टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो. जागतिक सरासरी दोनच्या आत आहे. डिसेंबर २०२४ मध्ये पोलाद मंत्रालयाने हिरव्या पोलादाची व्याख्या जाहीर केली. टनामागे २.२ टनांहून कमी असेल तर ते हिरवे, १.६हून कमी असेल तर पंचतारांकित. १ जानेवारी २०२६पासून युरोपने सीमेवर कार्बनची किंमत वसूल करण्याचा नियम प्रत्यक्ष लागू केला. भिलाईचे रूळ मुख्यतः देशातच लागतात, त्यामुळे युरोपचा फटका तिला थेट कमी बसेल. पण उद्या आपलीच रेल्वे हिरवे पोलाद मागू लागली तर? राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाच्या १९,७४४ कोटींपैकी पोलादातल्या प्रयोगांसाठी ठेवले आहेत अवघे ४५५ कोटी. हे प्रमाण मला अजिबात पटत नाही. खतनिर्मिती आणि तेलशुद्धीकरण यांच्या जोडीला हायड्रोजनला जिथे सोपा पर्याय नाही, ते क्षेत्र पोलाद आहे. आयात कोकिंग कोळशाचे परावलंबन तोडणारी ती एक वाट आहे. म्हणजे इथे अपारंपरिक ऊर्जेत घातलेला पैसा हीच ऊर्जासुरक्षा. दोन पारडी वेगळी राहतच नाहीत.

राहता राहिली माणसे आणि राज्याची तिजोरी. कोळशावर राज्याला किमतीच्या १४ टक्के स्वामित्वधन मिळते, शिवाय २०१५पासून जिल्हा खनिज निधी. उन्हावर कोणी स्वामित्वधन देत नाही. त्यामुळे रायपूरच्या कोणत्याही सरकारकडून, पक्ष कोणताही असो, कोळशाला मनापासून विरोध होईल अशी अपेक्षा धरणे भाबडेपणाचे आहे. स्वस्त विजेची सवयही याच कोळशाने लावली. २०१९ मध्ये राज्यात ४०० युनिटांपर्यंत बिल निम्मे झाले. २०२५च्या ऑगस्टमध्ये ही सवलत १०० युनिटांवर आणून लोकांना छतावरच्या सौरविजेकडे वळायला सांगितले गेले आणि ओरड झाल्यावर त्याच वर्षी मर्यादा पुन्हा वाढवावी लागली. ज्याच्या नावावर छप्पर नाही, जो भाड्याच्या खोलीत किंवा कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहतो, त्याने पट्ट्या कुठे लावायच्या? सौर अनुदानाची आखणी या माणसाला धरून झालेली नाही.

नोकऱ्यांचा प्रश्न भिलाईला नवा नाही. दल्ली-राजहऱ्याच्या खाणीत १९७७ नंतर शंकर गुहा नियोगी यांच्या संघटनेने पूर्ण यांत्रिकीकरणाला विरोध केला, पण यंत्रे नकोतच असे म्हटले नाही. हाताने खोदणाऱ्या हजारोंचे काम टिकवून उत्पादनही वाढेल अशी अर्धयांत्रिकीकरणाची योजना त्यांनी स्वतः मांडली. २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईत त्यांची हत्या झाली. त्यांच्या विचाराशी सहमत असो वा नसो, तंत्र बदलताना कामगाराने स्वतःची योजना टेबलावर ठेवावी आणि व्यवस्थापनाला ती ऐकावी लागावी, हा पायंडा याच भागाने पाडला आहे. आज कोरब्याच्या खाणकामगारांसमोर, भिलाईच्या कोक ओव्हनवरच्या ठेका मजुरांसमोर तसा कागद कोणी ठेवलेला नाही. सौरप्रकल्प उभारताना हाताला काम मिळते, उभा राहिल्यावर मोजकी माणसे पुरतात. म्हणून कोळशाच्या स्वामित्वधनातला ठरावीक हिस्सा आजपासूनच, खाणी जोरात असतानाच, कोरबा-रायगड-दुर्गच्या मुलांच्या प्रशिक्षणासाठी आणि नव्या उद्योगांसाठी बाजूला काढायला हवा. खाण बंद पडल्यावर निधी शोधायला निघणे व्यर्थ आहे.

माझा निवाडा असा. चालू असलेली कोळशाची केंद्रे चालू द्या, त्यांना लवचीक करा. उघडलेल्या खाणी पुऱ्या वापरल्याशिवाय हसदेव आणि तमनारच्या दाट जंगलात नवी कुदळ मारू नका. नवा पैसा साठवणीत आणि तारांत घाला. आणि हायड्रोजनने लोखंड काढण्याचा पहिला मोठा सरकारी प्रयोग भिलाईत करा. इथे खनिज आहे, पाणी आहे, साठ-सत्तर वर्षांच्या परंपरेत घडलेली कसबी माणसे आहेत आणि आयआयटीही आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकाला यात करण्यासारखे काही आहे का? आहे. महाजेनको आणि महावितरण यांच्या दरप्रस्तावांवर महाराष्ट्र वीज नियामक आयोग जाहीर सुनावणी घेतो, आणि कोणताही ग्राहक तिथे लेखी हरकत किंवा सूचना दाखल करू शकतो. पुढच्या सुनावणीत दोन प्रश्न जरूर लिहून द्या: गारे पालमाच्या खाणीवर किती खर्च होणार आहे, आणि साठवणीवर किती?